गोड बोलणाऱ्याला मज्जाव

वृषाली तांडेलला सकाळच्या चहाबरोबर चार-दोन भामटे लागत. चहा गाळून ती पडवीतल्या टेबलाशी बसे, चष्मा पदराला पुसे, आणि मग संगणकातला राखणदार रात्रभरात पकडलेले संशयित निरोप एकेक करून तिच्यासमोर उभे करी. कुणी लालभडक खिडकी उघडून भोंगा वाजवी आणि तुमच्या यंत्रात विषाणू शिरलाय, ताबडतोब खालच्या क्रमांकावर फोन करा, म्हणून ओरडे. कुणी अगदी घरच्यासारखा हळू आवाज काढून म्हणे, काकू, तुमच्या संगणकाची मला काळजी वाटते हो. वृषालीने एकदा बघायचं, 'खरा' किंवा 'खोटा' सांगायचं आणि कशावरून ते एका वाक्यात बोलायचं. राखणदार ते वाक्य गिळायचा आणि शहाणा व्हायचा. हे काम करणाऱ्यांना पारखी म्हणत, आणि वेंगुर्ल्याच्या त्या पारख्यांत वृषालीचा हात धरणारा कुणी नव्हता.

नसणारच. तिची सगळी उमेदीची वर्षं एसटीत कंडक्टरकी करण्यात गेली होती. मिसरूड फुटलेल्या मुलाला मांडीवर घेऊन अर्धं तिकीट मागणारे आईबाप तिने पाहिले होते. थाप मारणारा माणूस आधी घाई करतो, मग लाडात येतो, हे तिला पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास टेबलावरच्या पडद्याच्या कोपऱ्यात अधूनमधून एक बारीक ओळ उमटायला लागली. 'तुमच्या नावाने आलेला एक खोटा निरोप परत पाठवला.' ती पारखायची ते निरोप लोकांचे असत. हे तिच्या स्वतःच्या नावावर आलेले. ते ती उघडूनसुद्धा बघत नसे. चोराचं तोंड बघून काय मिळायचंय? ती राखणदाराला शाबासकी द्यायची आणि खारी चहात बुडवायची.

ती या कामाला लागली त्याचं कारण घरातलंच होतं.

तिचे वडील, बापू, दशावतारात राजपार्टी करायचे. गावोगावच्या जत्रांत रात्र रात्र राजा होऊन उभे राहायचे आणि सकाळी घरी येऊन पेज जेवायचे. आवाज असा, की ध्वनिक्षेपकाची गरजच पडायची नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या नाटकांच्या ध्वनिफिती तेवढ्या मागे राहिल्या. धाकटा भाऊ दिगंबर, म्हणजे दिगू, बोटीवर आचारी होता. एका सुट्टीत त्याने खटपट करून त्या सगळ्या फिती घरच्या संगणकात उतरवल्या; मूळ फिती बुरशीने लवकरच निकामी झाल्या. तेव्हापासून आई, म्हणजे आये, संध्याकाळी तांदूळ निवडायला बसली की म्हणायची, "बापूक लाव रे." दिगू नसला तर वृषाली लावायची. आये तांदूळ निवडायची आणि बापू संगणकातून शत्रूला आव्हान द्यायचे.

पुढच्या सुट्टीत एका दुपारी दिगू ब्राउझरमध्ये कसलंसं भजन शोधत होता. एकाएकी पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला आणि आकडे उलटे धावू लागले. यंत्रात विषाणू शिरलाय, सगळा साठा नष्ट होतोय, यंत्र बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा. दिगू एरवी घाबरणारा माणूस नव्हे. वादळात बोट कलंडत असताना त्याने डाळ शिजवलेली. पण त्या साठ्यात बापू होते. त्याने फोन केला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. दिगूने तो सांगेल तिथे तिथे बोट ठेवलं आणि त्याला आपल्या यंत्रात घेतलं. दिवेलागणीला यंत्र पांढरं फटक पडलं होतं. त्यात काहीही उरलं नव्हतं.

खरी गोष्ट एवढीशी होती. फोन करेपर्यंत यंत्राला काहीच झालेलं नव्हतं. ब्राउझरमधलं एखादं पान तुमच्या यंत्राच्या पोटात डोकावून तिथे विषाणू आहे का, हे सांगूच शकत नाही. ते नुसतं चित्र असतं. पडदाभर पसरतं, बंद करायची खूण झाकून टाकतं आणि आरडाओरडा करतं. त्यातल्या कशालाही हात न लावता ब्राउझर बंद केला, नाहीच झाला तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, की संपलं. खऱ्या सूचनेत फोनचा क्रमांक नसतो आणि खरी सूचना तुम्हाला विचार करायला वेळ देते. हे आज वृषालीला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. त्या दिवशी घरात कुणालाच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी आयेने तांदूळ पुढ्यात घेतले आणि नेहमीसारखं बापूला लावायला सांगितलं. मग तिला सांगावं लागलं. ती रडली नाही, सूप बाजूला ठेवून आत गेली. पुढच्या वर्षी ती गेली, बापूंचा आवाज पुन्हा न ऐकता. तेराव्याचं जेवण झाल्यावर वृषालीचा इतके महिने आवरलेला संताप बाहेर पडला. "बापूक तू दुसऱ्यांदा मारलंस," ती म्हणाली. "माझ्या दारात परत पाय ठेवू नको." दिगूने पिशवी उचलली आणि तो वास्कोला निघून गेला. वेंगुर्ल्याहून वास्को म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे, पण सात-आठ वर्षं कुणीच ते अंतर तोडलं नाही.

दरम्यान भामट्यांनी कात टाकली. लाल खिडक्या आणि भोंगे जुने झाले, लहान पोरंसुद्धा त्यांना हसायला लागली. आता फोन, पत्र, निरोप सगळं ब्राउझरच्या एकाच खिडकीतून येत होतं आणि कुणाचाही आवाज, कुणाचाही चेहरा घडवता येत होता. तुमचा मुलगा पडद्यावर येऊन म्हणे, आई, तुझ्या यंत्रात काहीतरी शिरलंय, मी सांगतो तिथे बोट ठेव. तो मुलगा नसे. भीती दाखवण्यापेक्षा माया दाखवणं जास्त लागू पडतं, हे चोरांना कळलं होतं.

यावर कुडाळच्या ईशा वालावलकर या तिशीतल्या इंजिनिअरने आणि तिच्या चार सोबत्यांनी राखणदार काढला. कोकणात गावाच्या वेशीवर, माडांच्या बागेत, जुन्या वाटेवर कुणी ना कुणी अदृश्य राखणदार असतो असं मानतात, त्यावरून हे नाव. हा राखणदार चेहरा ओळखत नसे आणि आवाजही नाही, कारण दोन्ही हुबेहूब घडवता येत होते. तो निरोपाचं वजन करी. यात भीती किती, घाई किती, गोडवा किती? आणि हे बोलणं त्या माणसाच्या नेहमीच्या रीतीला धरून आहे का? रोज दोन शब्दांत बोलणारा नवरा एकाएकी 'प्राणप्रिये' म्हणू लागला, तर राखणदार त्याला दाराबाहेर उभा करी. आणि यंत्राने घडवलेला आवाज असेल, तर पुढचं काही न बघता दार बंद. माणूस बोलताना श्वास घ्यायला चुकतो, वाक्य अर्ध्यावर सोडतो, जीभ अडखळते. घडवलेल्या आवाजाला तसं चुकता येत नसे, निदान राखणदाराच्या कानाला चकवण्याइतकं तरी नाही.

राखणदाराला आपल्या घरापुरते नियम सांगावे लागत. पण रकाने भरून नियम सांगायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. म्हणून ईशाने युक्ती काढली, की प्रत्येकाने राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून चारचौघांच्या साक्षीने घातलेलं साकडं. घालणारा एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. तुम्ही आपल्या शब्दांत साकडं घाला, त्याचे नियम यंत्र करील, असं ईशा म्हणाली. लोकांना गंमत वाटली. वृषालीनेही शेजारच्या बायका जमवल्या, पडद्यापुढे नारळ ठेवला आणि बापूंच्या थाटात सुरुवात केली.

"हे बा राखणदारा म्हाराजा, आज ह्या लेकरान तुका दारात बसयल्यान. जो कोण साखर पेरीत येतलो, गोड गोड बोलान घाय करतलो, तेका येशीभायर घाल. आमच्या घराण्यात कोण गोड बोलणा नाय, ह्या तुका म्हायत आसूंदे. जो गोड बोलता, तो आमचो न्हय."

बायकांनी हसत हसत 'व्हय म्हाराजा' म्हटलं. बोलली त्यात खोटं काहीच नव्हतं. तांडेलांच्या घरात माया ही शिव्यांतून वाहायची. आये दिगूला जेवायला बोलवायची ती 'मेल्या, गिळ ये' म्हणून. बोट लागल्यावर दिगू फोन करायचा तोही 'अजून जित्ती असस?' असं विचारून, आणि वृषालीला ते ऐकून बरं वाटायचं. राखणदाराने हे सगळं प्रामाणिकपणे टिपून घेतलं. गाऱ्हाणं घालणारीच्या मनात कोण होतं आणि कोण नव्हतं, ते त्याला कळण्याचं काही साधन नव्हतं.

माघातल्या एका गुरुवारी दुपारी वृषाली मागच्या पायरीवर बांगडे साफ करत बसली होती. पडवीतून राखणदाराचा आवाज आला. एक निरोप आहे, तपासून आत घेतलाय, वाचू का? तिने हात न धुताच हो म्हटलं. राखणदार आपल्या सपाट आवाजात वाचू लागला.

"अगे म्हशी, माणूस मरूक टेकलो तरी तुझा दार बंद? दिवाळीपासून निरोप धाडतंय, एकाक जवाब नाय. गोड बोलान बघितलंय, हात जोडून बघितलंय. आता खड्ड्यात जा. हयसर पणजीच्या इस्पितळात पडलंय. सोमवारी माझो गळो कापतले, मगे कितीय कान लाव, माझो आवाज येवचो नाय. तुझ्यासारकी भयण वैऱ्याक पण गावा नये. दिगू."

खाली एक क्रमांक होता.

वृषालीच्या हातातला बांगडा पातेल्यात पडला. मांजराने तो पळवला तेही तिला दिसलं नाही. ती तशीच पडवीत आली आणि तिने विचारलं, या माणसाचे आधीचे निरोप होते का? राखणदार कधी खोटं बोलत नसे. होते, तो म्हणाला, दिवाळीपासून बरेच. गोडवा प्रमाणाबाहेर, घाई आहे, बोलणाऱ्याशी काही वर्षांत संबंध नाही, म्हणून परत पाठवले. तिने एक वाचायला सांगितला.

'आदरणीय ताई, सादर प्रणाम. तुझी फार आठवण येते. माझ्या हातून घडलेल्या अपराधाबद्दल क्षमा असावी. तुझ्याशी दोन शब्द बोलावेत अशी उत्कट इच्छा आहे. वेळ फार थोडा आहे. कृपया या क्रमांकावर संपर्क साधावा.'

तिला आधी हसूच फुटलं. दिगू जन्मात कधी तिला आदरणीय म्हणाला नव्हता. माफी मागायची म्हणजे शाळेतल्या पुस्तकासारखं बोलावं लागतं, असं त्याला वाटलं असणार. मालवणी माणूस एकदा का असं छापील बोलायला लागला, की समजावं तो एकतर सभेत उभा आहे किंवा फार मोठ्या अडचणीत आहे. मग तिच्या लक्षात आलं, की हा निरोप राखणदाराने तिच्यापुढे पारखायला ठेवला असता, तर तिनेही चहाचा घोट घेत 'खोटा' म्हटलं असतं. कशावरून? गोडवा, घाई, क्रमांक. ती मट्कन खुर्चीत बसली आणि माशांच्या हातांनीच तिने तोंड झाकलं.

जरा वेळाने तिच्यातली पारखी जागी झाली. हा शिव्यांचा निरोप तरी खरा कशावरून? यातही भीती होती, घाई होती, क्रमांक होता. चोर उद्या मालवणी शिव्याही शिकतील, त्यात काय मोठंसं. लोकांना ती नेहमी सांगायची, इशाऱ्यात दिलेल्या क्रमांकावर कधी फोन करू नये, ज्याच्या नावाने इशारा आलाय त्याच्याकडे आपल्या ओळखीच्या वाटेने जावं. ती उठली, हात धुतले, दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि शेजारणीला मांजराकडे बघायला सांगून दुसऱ्या दिवशी सकाळच्या पणजी गाडीत जाऊन बसली.

गाडी विजेची होती, आवाज न करता धावत होती. कंडक्टर मुलगी उत्साहाने तिकिटं तपासत होती. एरवी वृषालीने तिच्याशी गप्पा मारल्या असत्या. आज ती खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. इतकी वर्षं तिने खोटे इशारे हुडकून काढले, खोटा सापडला की तिला चीड यायची. आज ती मनातल्या मनात विनवत होती, की हा खोटा निघू दे. इस्पितळात दिगंबर तांडेल नावाचा कुणी रोगीच नाही, असं सांगू दे. कुणा भामट्याने मला गंडवलं असू दे, मी खुशाल हसं करून घेईन, पण दिगू वास्कोत धडधाकट असू दे.

इस्पितळातल्या खिडकीतल्या माणसाने नाव शोधलं आणि दुसरा मजला, डावीकडे, असं सांगितलं.

तो खिडकीजवळच्या खाटेवर बसून केळं खात होता. मान बारीक झाली होती, केस पांढरे. त्याने वर बघितलं आणि केळं खाली ठेवलं.

"इलंस?" तो म्हणाला. आवाज घोगरा होता, पण दिगूचाच.

"इलंय," ती म्हणाली.

मग दिगूने उरलेलं केळं तिच्यापुढे केलं आणि तिने ते खाल्लं. त्याला वाटत होतं, की तिने निरोप वाचून परत केले. प्रत्येक वेळी उलट टपाली 'आपला निरोप स्वीकारता येत नाही' एवढंच यायचं. ते तिचंच उत्तर समजून तो पुढचा निरोप आणखी गोड करायचा. तिने सगळं सांगितल्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि नर्स धावत आली.

दुपारी डॉक्टर फर्नांडिस आली. मराठी आणि कोंकणीची सरमिसळ करत तिने वृषालीला सगळं समजावलं. गळ्यातली गाठ काढायची तर स्वरयंत्र काढावंच लागणार होतं. जीव वाचेल, आवाज जाईल. पण आता त्याला तोडगा होता. मानेभोवती एक पट्टा बसवायचा. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा मानेचे, जिभेचे स्नायू हलतात. पट्टा ती हालचाल वाचतो आणि त्यातून आवाज तयार करतो. तो आवाज त्याचा स्वतःचाच असावा, म्हणून शस्त्रक्रियेआधी त्याचं भरपूर बोलणं नोंदवून घ्यायचं. स्वराची उंची, शब्द कुठे दाबतो, कुठे थांबतो, चिडला की काय होतं, हे सगळं यंत्र शिकतं. अडचण अशी, की दिगंबरना वाचायला मजकूर दिला की ते रेल्वेच्या घोषणेसारखं वाचतात. त्यातून घोषणेसारखाच आवाज तयार होईल. ज्याच्याशी मोकळेपणी बोलता असं कुणी आहे का, असं विचारलं तर ते म्हणाले, एक भयण आहे, पण ती बोलत नाही. तुम्ही त्यांच्याशी दोन दिवस नुसतं बोलाल का?

वृषालीच्या लक्षात आलं. चोर ज्या विद्येने लोकांच्या लेकरांचे आवाज घडवत होते, त्याच विद्येने तिच्या भावाला आवाज मिळणार होता.

मग शनिवार-रविवार दोघं भांडली. उशाशी एक छोटं यंत्र ठेवलं होतं, त्याचा त्यांना लवकरच विसर पडला. सोलकढीत लसूण घालावी की नाही इथपासून सुरुवात झाली. लहानपणी आयेची होडीच्या आकाराची किसणी कुणी मोडली, शेजारच्या शेवग्यावरून कोण पडलं, वृषालीचं लग्न का जुळलं नाही आणि दिगूने का केलं नाही, सगळं उकरून झालं. शेजारच्या खाटांवरचे रोगी कूस बदलून ऐकत होते. डॉक्टर फर्नांडिस मधूनच डोकावून खूश होऊन जायची. हसण्याचा आवाज मिळाला, चिडल्याचा मिळाला, तोंडात घास असतानाचासुद्धा मिळाला.

रविवारी संध्याकाळी दोघं दमली. मग वृषालीने त्या लाल खिडकीचा विषय काढला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, चादरीची घडी करत ती बोलली. म्हणाली, तुझ्यावर आली तशी खिडकी मी आता हजारोंनी बघितली आहे. शिकलेले फसतात, पोलीस फसतात, दुसऱ्यांना फसू नका म्हणून सांगणारे फसतात. जो ज्याच्यावर जीव टाकतो, त्याच्याच नावाने त्याला घाबरवतात. तुझा बापूंवर जीव नसता, तर तू ती खिडकी हसून बंद केली असतीस.

"ता तू घालवलंस नाय रे," ती म्हणाली. "चोरानी न्हेल्यानी. आणि मी तुका खुनी म्हटलंय."

दिगू भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याची पाठ हलत होती. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. या घराण्यात हे असं कुणी करत नसे, पण तिने ठेवला आणि काढला नाही.

सोमवारी शस्त्रक्रिया झाली, ठीक झाली. वृषाली आठवडाभर तिथेच राहिली. दिगू पाटीवर लिहून भांडायचा, पण लिहून भांडण्यात मजा नव्हती, तिचं एक वाक्य होईपर्यंत याचा एक शब्द व्हायचा. जखम भरल्यावर पट्टा बसवायचा होता, त्याला अजून वेळ होता. ती वेंगुर्ल्याला परतली आणि पहिल्यांदा तिने कुडाळला ईशाला फोन लावला.

तिने अडचण सांगितली. महिन्याभराने माझा भाऊ बोलायला लागेल, तेव्हा त्याचा आवाज यंत्राने घडवलेला असेल. तुझा राखणदार त्याला आत सोडणार नाही. ईशाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मावशी, त्याला अपवाद करता येईल, पण एक सांगते. तो आवाज उद्या कुणी चोरला, तर तुमचा भाऊ बोलतोय की चोर, हे राखणदाराला कळणार नाही. मलाही कळणार नाही. जगात कुठल्याच यंत्राला कळणार नाही. एकदा ते दार उघडलंत, की तिथे तुम्ही एकट्या. तुम्ही फसू शकाल.

वृषालीने विचार केला. तिला फसवून घ्यायची चीड होती, ती काही कमी झाली नव्हती. पण दार बंद ठेवून न फसता राहिलेल्या गेल्या काही महिन्यांत तिने काय गमावलं होतं, तेही तिच्यासमोर होतं.

"फसेन कधीतरी," ती म्हणाली. "फसले तर फसले. पण तो बाहेर उभा राहिलेला मला चालणार नाही."

ईशाने सांगितलं, की मग अपवाद मी आधीपासून घालून ठेवत नाही. राखणदार अडवील तेव्हा तुम्हीच त्याला निकाल द्या, पारखी म्हणून. तुमचा निकाल तो मानील.

शिमगा होऊन गेला, आंब्याला कैऱ्या लागल्या. एका सकाळी वृषाली चहा घेऊन बसली होती. पडद्यावर लोकांचे भामटे रांगेत उभे होते आणि ती एकेकाला हाकलत होती. तेवढ्यात खिडकीभोवती तांबडी चौकट आली. राखणदार एरवीपेक्षा जरा मोठ्याने बोलला.

सावध राहा. कुणीतरी तुमच्याशी बोलू पाहत आहे. आवाज माणसाचा नाही, यंत्राने घडवलेला आहे. बोलणारा घाईत आहे. निरोप परत पाठवतो आहे.

"थांब," वृषाली म्हणाली.

राखणदार थांबला. मग त्याने पारख्यांना विचारायचा तोच नेहमीचा प्रश्न विचारला. खरा की खोटा?

पारखी झाल्यापासून यंत्राने घडवलेला एकही आवाज तिने खरा म्हटला नव्हता. तिने कप खाली ठेवला.

"खरो."

कशावरून?

राखणदाराला लागतं तसं नेमकं एक वाक्य तिच्याकडे नव्हतं. श्वास, घाई, गोडवा, यातलं काहीच कामाचं नव्हतं. तो दिगू आहे याचा कसलाही पुरावा तिला देता येणार नव्हता, आणि तो दिगू नसेलही, हे तिला पक्कं माहीत होतं.

"माझो भाव हा तो," ती म्हणाली. "जोड."

राखणदाराने क्षणभर वाट पाहिली, बहुधा आणखी काही कारण येईल म्हणून. मग त्याने जोडलं. खरखर झाली, मग दिगूचा आवाज आला. आजाराचा घोगरेपणा यंत्राने गाळून टाकला होता. तरुणपणी होता तसा भरदार होता, आणि शब्दाच्या शेवटी तो जसा दाब द्यायचा, तो अगदी बापूंच्या वळणावर गेला होता.

"कितको वेळ गे दारात उभो करून ठेवतंस? मेलीस काय?"

वृषालीच्या डोळ्यांतून पाणी चहात पडत होतं. तिने ते पुसलं नाही.

"नाय रे मेल्या," ती म्हणाली. "बोल. मी आयकतंय."